गावात विश्वास उघड सांगावा की मनात ठेवावा?

परतूर तालुक्यातील एका तरुणाने पत्रातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेऊन तो ख्रिस्ती झाला. घर मातंग समाजाचे. आई त्याच्याबरोबर प्रार्थनेला बसते, धाकटा भाऊ बसत नाही. दर गुरुवारी संध्याकाळी त्याच्या घरी दहाबारा माणसे जमून भजन आणि प्रार्थना करतात. मागील महिन्यात गावातील काही तरुण मोबाइलवर चित्रण करीत अंगणात आले आणि ‘हे बंद करा’ असे बजावून गेले. ज्या कृषी सेवा केंद्रात तो कामाला आहे तेथील मालकाने व्हॉट्सॲप स्टेटसवर बायबलमधील वचने टाकू नकोस, असे सांगितले आहे. भाऊ म्हणतो, देव मनात ठेव. उलट मंडळीतील एक ज्येष्ठ बंधू मत्तयाच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायावर बोट ठेवून म्हणतात की जो माणसांसमोर प्रभूला नाकारतो त्याला प्रभूही पित्यासमोर नाकारील, तेव्हा आता बाजारच्या दिवशी चौकात उभे राहून साक्ष दे. गप्प राहणे म्हणजे नाकारणे होय का, हे त्याला जाणून घ्यायचे आहे.

जालना, परभणी आणि बीड या पट्ट्यातील लहान मंडळ्यांमध्ये पाळक म्हणून आयुष्य गेल्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे निरनिराळ्या रूपांत आलेला आहे. माझे उत्तर असे की, कोणी सरळ विचारले असता ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणणे हे नाकारणे होय. येशूला पकडून नेल्यावर त्याचा शिष्य पेत्र याने अंगणातील शेकोटीपाशी केले ते हेच. पण कोणी विचारलेले नसताना चौकात न बोलणे हे नाकारणे नव्हे. अरिमथाईकर योसेफ हा भीतीमुळे गुप्तपणे शिष्य होता असे योहानाच्या शुभवर्तमानात स्पष्ट लिहिले आहे, आणि निकदेम येशूकडे रात्री आला होता. तरी वेळ आली तेव्हा रोमी सुभेदार पिलाताकडे क्रुसावरील प्रभूचे शरीर मागायला योसेफच गेला आणि गंधरस घेऊन निकदेमही उघडपणे आला. ज्या अध्यायाचा दाखला त्या बंधूंनी दिला, त्याच अध्यायात लांडग्यांमध्ये मेंढरांसारखे पाठवतो म्हणून सापासारखे चतुर व्हा असे सांगितले आहे, आणि एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावात जा असेही सांगितले आहे. अध्याय वाचायचा तर पूर्ण वाचावा.

मात्र तुमच्या पत्रात मला अधिक महत्त्वाची वाटली ती गोष्ट वेगळी आहे. तुम्ही ‘विरोध’ या एका नावाखाली तीन-चार निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात असे म्हटले आहे की, खुनी, चोर किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून तुमच्यापैकी कोणी दुःख भोगू नये. पण ख्रिस्ती म्हणून भोगावे लागले तर लाज वाटू देऊ नये. ढवळाढवळीला त्याने चोरीच्या रांगेत बसवले आहे, हे आपल्या उत्साही प्रचारकांच्या सहसा लक्षात येत नाही. विरोध विश्वासाला होत आहे की आपल्या वागण्याच्या पद्धतीला, हे आधी निवडून घ्यावे लागते. पद्धतीला होणारा विरोध आपण आपली चूक दुरुस्त करून संपवायचा असतो; विश्वासाला होणारा विरोध सोसायचा असतो, आणि सोसताना कायद्याचा आधारही घ्यायचा असतो.

गुरुवारच्या प्रार्थनेपासून सुरुवात करू. अंबड तालुक्यातील एका वस्तीवर असाच वाद झाला होता, तेव्हा मला बोलावले गेले. मी प्रार्थनेच्या वेळेआधी जाऊन शेजारच्या ओट्यावर बसलो. साडेसातला माणसे येऊ लागली. चपला शेजारणीच्या उंबऱ्यापर्यंत पसरल्या, तीन दुचाक्या बोळात आडव्या लागल्या, आणि शेजारचा गडी बैल घेऊन शेतातून परतला तर त्याला गोठ्याकडे जायला वाट उरली नव्हती. आत पेटी, ढोलकी आणि खोलीच्या मानाने अवाढव्य असा स्पीकर. शिवाय त्याच आठवड्यात मारुतीच्या देवळात हरिनाम सप्ताह चालू होता आणि हरिपाठाची वेळ नेमकी तीच होती. त्या शेजाऱ्याची तक्रार येशूविषयी नव्हती. स्पीकर काढला, गाड्या शाळेच्या मैदानापाशी लावायचे ठरले, सप्ताहाच्या दिवसांत प्रार्थनेची वेळ दुपारची केली. शेजाऱ्याची तक्रार मिटली. ज्यांचा आक्षेप प्रार्थनेलाच होता असे दोघेतिघे त्यानंतरही राहिले, पण आता त्यांच्यामागे गाव नव्हते.

ध्वनिक्षेपकाच्या बाबतीत तर आपल्या बाजूने बोलायला फारशी जागाच नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, रात्री १० ते सकाळी ६ तो लावता येत नाही आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५ आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली या विषयावर दिलेला एक महत्त्वाचा निकाल चेन्नईतील एका चर्चच्याच प्रकरणातला आहे. दुसऱ्याची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असे न्यायालयाने त्यात म्हटले. इतर धर्मीयांचे भोंगे चालतात मग आमचाच का नको, हा युक्तिवाद मी बैठकांमध्ये पुष्कळ ऐकला आहे. त्यात तथ्य असेलही, पण सुवार्तेशी त्याचा काही संबंध नाही.

आता काय बोलावे याविषयी. राज्यघटनेचे २५ वे कलम प्रत्येकाला आपला धर्म प्रकट करण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा अधिकार देते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्यात असे ठरवले की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे होय, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा मूलभूत अधिकार त्यात येत नाही. या निकालावर ख्रिस्ती विचारवंतांनी टीका केली आहे आणि ती वाचण्यासारखी आहे. परंतु गावात उभे राहणाऱ्या माणसाने हीच रेषा धरून चालावे, असे माझे मत आहे. ‘मी दारू पीत होतो, घर मोडायला आले होते, प्रार्थनेत मला बळ मिळाले’ हे तुमचे स्वतःचे सांगणे आहे आणि ते कोणीही हिरावून घेऊ शकत नाही. ‘तुमचे देव दगडाचे आहेत’ हे मात्र साक्ष देणे नव्हे. आपण ज्या प्रदेशात राहतो तेथे एकनाथांचे पैठण आहे, नामदेवांचे नर्सी आहे; येथील माणूस देवाविषयी तासन्‌तास ऐकून घेतो, पण टवाळी ऐकून घेत नाही. धार्मिक भावना जाणीवपूर्वक दुखावण्याविषयीची कलमे भारतीय न्याय संहितेत २९९ आणि ३०२ या क्रमांकांवर आहेत आणि ती आपल्यालाही लागू होतात. पाराच्या कट्ट्यावर पत्रके ठेवून निघून जाणे मला कधीच आवडले नाही. ज्याने मागितले त्याच्या हातात द्यावे, आणि त्याच्याशी बोलायला थांबावे.

आजारपणाविषयी फार जपून असावे. प्रार्थना जरूर करावी, पण औषध बंद करा, दवाखाना सोडा असे मंडळीतील कोणीही, कितीही मोठा वक्ता असला तरी, बोलता कामा नये. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि चमत्काराने रोग बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. जालन्याचे मिशन हॉस्पिटल ज्या परंपरेतून उभे राहिले त्या परंपरेतील लोकांनी चंगाई सभेच्या, म्हणजे प्रार्थनेने रोग बरे करण्याच्या सभेच्या, फलकावर कर्करोगाचे नाव लिहावे, हे मला कायद्याआधी विश्वासाच्या दृष्टीनेच लाजिरवाणे वाटते.

पैशाचा आरोप होणारच आहे, तुम्ही काहीही केले तरी. त्याचे उत्तर हिशेबाच्या वहीने द्यावे. एका गावात अशीच चित्रण करणारी मुले आली आणि एका म्हातारीला त्यांनी विचारले, ‘आजी, किती मिळाले तुला?’ ती काही न बोलता आत गेली आणि फडताळातून दशांशाची, म्हणजे मंडळीला द्यायच्या अर्पणाची, पाकिटे घेऊन आली. दर महिन्याला मजुरीतून ती पन्नास-साठ रुपये टाकत असे, पाकिटावर महिना लिहून घेत असे. ‘मिळालं काही नाही बाबा, मीच देते,’ एवढेच ती म्हणाली. पोरांनी मोबाइल खाली केला. तुमच्या घरी अर्पण गोळा होत असेल तर ते कोणाकडे राहते, कशावर खर्च होते, हे आजच वहीत लिहायला सुरुवात करा आणि दोन जणांच्या सह्या ठेवा. बाहेरून येणारा कोणी पाहुणा धान्य किंवा कपडे वाटणार असेल तर ते प्रार्थनेच्या वेळी आणि प्रार्थनेच्या जागी मुळीच वाटू देऊ नका.

लहान मुलांविषयी एक नियम मी कधी मोडू दिला नाही: आईवडिलांची स्पष्ट संमती असल्याशिवाय दुसऱ्याच्या घरातील अल्पवयीन मूल प्रार्थनेला बसवायचे नाही. याला आपल्याच भागाशी जोडलेला जुना इतिहास आहे. जालन्यात १८६० च्या दशकापासून काम करून जवळच बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवणारे रेव्ह. नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा मुंबईत १८४३ साली झाला. ते सज्ञान होते, त्यामुळे समाज चवताळला तरी निर्णय त्यांचा होता. पण त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, जेमतेम बारा वर्षांचा, तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला आणि प्रकरण न्यायालयात पोहोचले. न्यायालयाने मुलाला वडिलांच्या ताब्यात दिले. पुढे त्याला जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला, तर सनातन्यांनी बाळशास्त्रींनाच विरोध केला. मोठ्या भावाच्या विश्वासाची गोष्ट त्या वादाच्या धुळीत कितीतरी काळ झाकली गेली.

एवढे सगळे दुरुस्त केल्यावरही जो विरोध उरतो, तो विश्वासाला होणारा विरोध. तुमच्या अंगणात आलेल्या तरुणांपैकी काहींचा तसा असेल, आणि त्यांच्या भीतीने प्रार्थना बंद करू नये असे मी स्पष्ट सांगतो. कोणी असे म्हणेल की ख्रिस्ती माणसाने पोलिसांत जाणे हे क्षमेच्या विरुद्ध आहे. प्रेषित पौलाला तसे वाटले नाही. फिलिप्पै येथे चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकल्यावर गुपचूप निघून जा असे अधिकाऱ्यांनी सांगितले, तेव्हा त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असे त्याने रोमी नागरिक म्हणून सुनावले. पुढे तर त्याने कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. त्याच तुरुंगातील अधिकाऱ्याचा सूड मात्र त्याने घेतला नाही, त्याच्या घरी तो जेवला. हक्क मागणे आणि सूड घेणे या दोन गोष्टी त्याच्या वागण्यात अगदी वेगळ्या दिसतात.

प्रत्यक्षात करायचे ते असे. स्वतःच्या घरात काही माणसांनी शांतपणे प्रार्थना करण्यासाठी परवानगी घ्यावी लागत नाही. मिरवणूक, मंडप, रस्ता किंवा ध्वनिक्षेपक आला की ती लागते. तरीही पोलीस ठाण्यात माहिती म्हणून एक अर्ज द्या: दर गुरुवारी अमुक वेळेत आमच्या घरी प्रार्थना होते, अमुक तारखेला काही जणांनी येऊन धमकावले, अनुचित प्रकार घडू नये यासाठी दखल घ्यावी. अर्ज दोन प्रतींत न्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन पोच घ्या. पोच नसलेल्या अर्जाला पुढे काडीची किंमत राहत नाही. बीट अंमलदाराला आणि गावच्या पोलीस पाटलाला स्वतः भेटा, शक्य तर गावातील एखाद्या बिगरख्रिस्ती भल्या माणसाला बरोबर घेऊन. पुन्हा जमाव आला तर बोलणारा एकच असावा, इतरांनी बसून राहावे, वाद घालू नये, कोणाच्या मोबाइलला हात लावू नये आणि ११२ वर फोन करावा. आपल्यापैकी एकाने शांतपणे चित्रण करून ठेवावे. धार्मिक उपासनेसाठी कायदेशीरपणे जमलेल्या लोकांना हेतुपुरस्सर त्रास देणे हा न्याय संहितेच्या कलम ३०० खालचा गुन्हा आहे. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर ती लेखी पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, आणि तेथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

हेही लपवत नाही की अशा प्रसंगी कधीकधी तक्रार करायला गेलेल्यांवरच उलट तक्रार दाखल होते, म्हणून वकील आधीच पाहून ठेवावा. तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो. धर्मांतरविषयक कायदे राज्याराज्यांत वेगवेगळे असून ते बदलत असतात. गावात बाप्तिस्म्यासाठी कोणी पुढे आला तर त्या दिवशी आपल्या राज्यात काय लागू आहे ते वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय पाण्यात उतरू नये.

दुकानमालकाची बाब मला साधी वाटते. तुम्ही स्टेटस ज्या क्रमांकावरून टाकता त्यावरूनच शेतकऱ्यांना खताचे भाव आणि उधारीचे निरोप जातात, असे तुमच्या पत्रावरून दिसते. तसे असेल तर तो क्रमांक दुकानाचा झाला आहे, आणि मालकाचे म्हणणे रास्त आहे. वचनांसाठी दुसरा क्रमांक घ्या. दुकानात लक्ष्मीपूजनाच्या दिवशी काय करायचे, हेही लवकरच विचाराल. माप नीट ठेवा, झाडलोट करा, फराळाला बसा. आरतीचे ताट हाती घ्यायचे नसेल तर दिवाळीच्या आठ दिवस आधी मालकाला एकट्याला गाठून नम्रपणे सांगा, पूजेच्या वेळी गिऱ्हाइकांदेखत नको. जुन्या करारातील अरामी सेनापती नामान याने आपल्या धन्याबरोबर रिम्मोन या दैवताच्या देवळात वाकावे लागेल म्हणून क्षमा मागितली, तेव्हा अलीशा संदेष्ट्याने त्याला ‘शांतीने जा’ असे म्हटले. या प्रसंगावर मी नवविश्वासूंना शिकवतो, आणि काही सहकारी पाळकांना ते फार सैल वाटते, याचीही मला कल्पना आहे.

चौकातील साक्षीबद्दल त्या ज्येष्ठ बंधूंना माझा निरोप द्या की २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रातच ख्रिस्ती एक टक्क्याहून कमी, आणि तुमच्या गावात तर दोन-चार घरे आहेत. अशा ठिकाणी तुम्ही कोण आहात हे चौकात न सांगताही सगळ्यांना ठाऊक असते. लोक पाहत असतात ते मापात पाप करता का, दारूच्या गुत्त्यावर परत दिसता का, भावकीच्या भांडणात काय बोलता. उघडपणाची अधिक चांगली संधी नाताळ आहे. सरपंचांना, शिक्षकांना, शेजाऱ्यांना फराळाला बोलवा, आणि त्या दिवशी भाषणाऐवजी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजने टाळ-मृदंगावर म्हणा. टिळकांनी ख्रिस्ताची गोष्ट कीर्तनाच्या पद्धतीने मांडली, ती आपल्या लोकांना परकी वाटत नाही. अलीकडे नाताळाला मोठमोठे डीजे आणून इंग्रजी गाणी लावण्याची जी टूम निघाली आहे तिने शेजारीही तुटतात आणि भजनेही विसरली जातात.

घरचा विरोध मी शेवटी घेतला, कारण तो सर्वांत नाजूक आहे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली काही वर्षे त्या त्यांच्यापासून दूर राहिल्या. टिळकांसारख्या शब्दप्रभूलाही घरात वाट पाहावी लागली. धाकट्या भावाला तुम्ही दोन वर्षांत किती वेळा वचने ऐकवलीत आणि किती वेळा त्याचे ऐकून घेतलेत, याचा अंदाज तुमच्या पत्रातून येतो.

भाऊ परभणीला शिकतो आणि शिष्यवृत्तीवर आहे, असे तुम्ही एका ओळीत लिहिले आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे हिंदू, शीख आणि बौद्ध यांखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जात नाही. शिखांचा समावेश १९५६ साली आणि बौद्धांचा १९९० साली झाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलितांचा प्रश्न अजून न्यायालयापुढे आहे आणि २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोगही त्यासाठी नेमला गेला. हा आदेश मला अन्यायाचा वाटतो, कारण बाप्तिस्म्याने गावातील जात सुटत नाही हे मी रोज पाहतो. पण तो लागू आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सेल्वराणी यांच्या प्रकरणात, ख्रिस्ती आचरण ठेवून अनुसूचित जातीचा दाखला मागणे ही घटनेची फसवणूक आहे, असे म्हटले. तेव्हा तुम्ही स्वतः यापुढे त्या दाखल्यावर सवलत घेऊ नका. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांचा समावेश इतर मागासवर्गांत आहे, त्या दाखल्यासाठी कागदपत्रे जमवा. रविवारी उपासनेला आणि सोमवारी तहसीलमध्ये ‘हिंदू मातंग’ असे लिहून देणे, हे चौकात न बोलण्यापेक्षा नाकारण्याच्या कितीतरी जवळ जाते, आणि यात पुष्कळ जुनी ख्रिस्ती घराणीही अडकलेली आहेत.

भावाचे तसे नाही. दाखला ज्याचा त्याच्या धर्मावर ठरतो; तुमच्या बाप्तिस्म्याने त्याचा हक्क जात नाही. ‘देव मनात ठेव’ असे तो म्हणतो त्यामागे देवापेक्षा जात पडताळणी समितीची धास्ती अधिक असावी, असा माझा तर्क आहे. पुढील गुरुवारच्या आधी त्याला समाजकल्याणाच्या कामातील एखाद्या जाणत्या वकिलाकडे घेऊन जा आणि ही गोष्ट त्याला वकिलाच्या तोंडून ऐकू द्या. त्या दिवशी त्याच्याशी वचनाविषयी काही बोलू नका.